आकृतीत न दिसणारी वेळ

दहावीच्या विज्ञानात मानवी प्रजनन संस्था शिकवताना दोन आकृत्या हमखास येतात, एक पुरुषाची आणि एक स्त्रीची, आणि परीक्षेच्या दृष्टीने मुलांच्या मनात पक्का बसलेला प्रश्न म्हणजे ‘सुबक आकृती काढून भागांना नावे द्या’. मी हे प्रकरण वर्षानुवर्षे शिकवत आले आहे आणि अंडाशय, अंडनलिका, गर्भाशय, वृषण, शुक्रवाहिनी ही नावे बहुतेक मुले बिनचूक लिहितात, याची मला खात्री आहे. तरीही हीच मुले पुढे संसाराला लागल्यावर भेटतात आणि संकोचाने काही विचारतात, तेव्हा लक्षात येते की त्यांना अवयव ठाऊक आहेत, परंतु त्यांचे काम ठाऊक नाही. चौदाव्या दिवसाचा हिशोब पाळूनही दिवस का राहत नाहीत, नसबंदी झाल्यावरही सावध का राहावे लागते, पाळी चुकल्यावर लगेच केलेली तपासणी खोटी का ठरते, अशा प्रश्नांची उत्तरे आकृतीत सापडत नाहीत. आकृती अवयव कोठे आहे ते दाखवते. तो काय करतो आणि विशेषतः केव्हा करतो, हे तिला दाखवता येत नाही. प्रजननाच्या बाबतीत मात्र जवळजवळ सगळे काही त्या ‘केव्हा’वर अवलंबून असते. म्हणून या लेखात मी अवयवांचा क्रम बाजूला ठेवून काळाचा क्रम धरला आहे.

सुरुवात स्त्रीबीजापासून करावी लागेल, कारण इतका दीर्घ काळ थांबून राहणारी पेशी मानवी शरीरात क्वचितच सापडेल. मुलीचा गर्भ सुमारे २० आठवड्यांचा असतो, तेव्हा तिच्या अंडाशयांत ६० ते ७० लाख बीजपेशी असतात. तेथून पुढे घट सुरू होते. जन्माच्या वेळी १० ते २० लाख उरतात, न्हाण येण्याच्या वयापर्यंत ३ ते ४ लाख, आणि साऱ्या आयुष्यात त्यांपैकी जेमतेम ४०० ते ५०० पक्व होऊन अंडाशयाबाहेर पडतात. बाकीच्या आपोआप विरून जातात. पाळी नियमित असो वा नसो, गर्भनिरोधक गोळ्या चालू असोत वा गरोदरपण असो, ही घट चालूच राहते, आणि साठा जवळपास संपला की रजोनिवृत्ती येते. गोळ्या घेतल्याने बीजे ‘साठून राहतात’ अशी एक समजूत मी अनेकींकडून ऐकली आहे. तिला आधार नाही.

या पेशींमधले अर्धगुणसूत्री विभाजन जन्माआधीच सुरू होते आणि पहिल्याच टप्प्यात थांबवले जाते. पंधरा, पंचवीस किंवा चाळीस वर्षांनी, ज्या महिन्यात एखादे बीज बाहेर पडायचे असते त्याच महिन्यात, अंडमोचनाच्या काही तास आधी, हे विभाजन पुन्हा सुरू होते. दुसऱ्या टप्प्यात पुन्हा थांबते. आणि शुक्रपेशी आत शिरली तरच पूर्णत्वास जाते. या सगळ्या काळात गुणसूत्रांच्या जोड्या विशिष्ट प्रथिनांनी एकत्र धरून ठेवलेल्या असतात. ही प्रथिने जसजशी जुनी होतात तसतशी त्यांची पकड सैल होते आणि विभाजनाच्या वेळी एखादे गुणसूत्र चुकीच्या बाजूला जाण्याची शक्यता वाढते. पस्तिशीनंतर गर्भपाताचे आणि डाउन सिंड्रोमसारख्या स्थितींचे प्रमाण वाढत जाते, त्यामागचे एक मोठे कारण हे आहे. आपल्याकडे ‘वय निघून चालले’ हे वाक्य बहुधा टोमणा म्हणूनच ऐकवले जाते, आणि तेही फक्त मुलीला. माझ्या मते तीच माहिती शरीरशास्त्र म्हणून, शांतपणे आणि योग्य वयात, मुली आणि मुलगे या दोघांनाही दिली गेली पाहिजे, म्हणजे शिक्षण, नोकरी आणि मूल यांचा विचार त्यांना स्वतःच्या बुद्धीने करता येईल.

साठा अंडाशयात असला, तरी केव्हा काय घडावे याची सूत्रे मेंदूकडे असतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातून जीएनआरएच नावाचे संप्रेरक स्रवते. ते केवळ १० अमिनो आम्लांचे बनलेले आहे. १९७१ मध्ये त्याची रचना उलगडली आणि मेंदूतील अशा संप्रेरकांवरच्या संशोधनासाठी अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलेमिन यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. परंतु या संप्रेरकाचे खरे मर्म त्याच्या रचनेपेक्षा त्याच्या लयीत आहे, आणि ते दाखवून दिले अर्न्स्ट नोबिल यांनी अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे, ऱ्हिसस माकडांवरील प्रयोगांत. ज्या माकडिणींमध्ये हा स्राव बंद पाडला होता, त्यांना तासातून एकदा काही मिनिटे जीएनआरएच दिले, तेव्हा त्यांच्या पीयूषिका ग्रंथीतून एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरके पुन्हा स्रवू लागली. तेच जीएनआरएच अखंड दिले, तेव्हा ती जवळपास बंद पडली. दारावर अधूनमधून थाप पडली तर घरातले उठून दार उघडतात, थाप थांबतच नसेल तर ते तिच्याकडे लक्ष देणे सोडून देतात, तसेच काहीसे येथे घडते. हे ज्ञान पुढे औषधांत उतरले: दीर्घकाळ परिणाम करणारी जीएनआरएचसदृश इंजेक्शने सुरुवातीला या ग्रंथीला चेतवतात आणि नंतर तिला गप्प करतात, म्हणून ती अकाली वयात येणाऱ्या मुलांना, प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या रुग्णांना आणि वंध्यत्वाच्या उपचारांत दिली जातात.

लहानपणी ही लय जवळपास निद्रिस्त असते. वयात येताना ती प्रथम रात्री झोपेत जागी होते आणि मग दिवसाही चालू राहते. वजन फार घटले, व्यायामाचा अतिरेक झाला किंवा मनावर मोठा ताण आला की ती मंदावते आणि पाळी थांबते. अंडाशय आणि गर्भाशय पूर्ण निरोगी असतानाही असे घडू शकते. पाळी थांबलेल्या मुलीची सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली म्हणून घरचे निर्धास्त होतात किंवा उलट तिलाच दोष देतात. दोन्ही प्रतिक्रिया मी पाहिल्या आहेत. अशा वेळी ती पुरेसे जेवते का आणि तिला झोप लागते का, हेही विचारले गेले पाहिजे.

प्रौढ स्त्रीच्या मासिक चक्राच्या पूर्वार्धात जीएनआरएचचे हे स्पंद साधारणपणे ६० ते ९० मिनिटांच्या अंतराने येतात. पीयूषिकेतून स्रवणाऱ्या एफएसएचमुळे अंडाशयातील काही पुटिका, म्हणजे बीज ज्यांत वाढते त्या सूक्ष्म पिशव्या, वाढीला लागतात आणि त्यांपैकी बहुधा एकच पुढे निघून जाते. ही पुटिका त्या महिन्यात नव्याने जागी झालेली नसते. तिच्या वाढीच्या केवळ शेवटच्या, वेगवान टप्प्यालाच सुमारे तीन महिने लागलेले असतात. वाढती पुटिका इस्ट्रोजेन तयार करते. बराच काळ हे इस्ट्रोजेन पीयूषिकेला आवरून धरते, म्हणूनच इतर पुटिका मागे पडतात. परंतु त्याची पातळी पुरेशी उंचावली आणि सुमारे दोन दिवस तशीच टिकून राहिली की परिणाम उलटतो, आणि ज्या ग्रंथीला ते आवरत होते तिच्यातूनच एलएचचा मोठा लोंढा बाहेर पडतो. प्रमाण आणि टिकलेला काळ यांवरून एकाच संप्रेरकाने आपली दिशा बदलावी, ही गोष्ट मला या साऱ्या संस्थेत सर्वांत विलक्षण वाटते. बीज पक्व झाले आहे हे अंडाशय मेंदूला कळवतो तो असा. लोंढा सुरू झाल्यापासून सुमारे ३६ तासांनी पुटिका फुटते आणि बीज बाहेर येते. उरलेल्या पुटिकेचा पीतपिंड होतो. तो प्रोजेस्टेरॉन स्रवतो आणि गर्भधारणा झाली नाही तर साधारण दोन आठवड्यांत सुकून जातो.

चौदाव्या दिवसाच्या समजुतीतली गफलत येथेच आहे. पीतपिंडाचे आयुष्य बऱ्यापैकी ठरलेले असते, पुटिकेच्या वाढीचा काळ मात्र स्त्रीगणिक आणि महिन्यागणिक बदलतो. म्हणून अंडमोचन पुढच्या पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी होते, मागची पाळी सुरू झाल्यापासून चौदाव्या दिवशी होतेच असे नाही. २८ दिवसांच्या चक्रात दोन्ही हिशोब जुळतात. ३५ दिवसांच्या चक्रात अंडमोचन एकविसाव्या दिवसाच्या आसपास होते. २४ ते ३८ दिवसांचे कोणतेही चक्र वैद्यकीयदृष्ट्या स्वाभाविक मानले जाते, तरी शाळेत आपण केवळ २८ दिवसांचेच चक्र शिकवतो आणि ज्यांचे तसे नसते त्या मुली मनातल्या मनात स्वतःला सदोष ठरवतात.

अंडमोचनाचा हा काळ जपानमध्ये क्यूसाकू ओगिनो यांनी १९२४ मध्ये मांडला आणि त्याच दशकात ऑस्ट्रियाचे हेरमान क्नाउस स्वतंत्रपणे तशाच निष्कर्षाला पोहोचले. त्याआधी अनेक डॉक्टर दोन पाळ्यांच्या मधले दिवस ‘सुरक्षित’ म्हणून सांगत असत, कारण माजावर आलेल्या कुत्रीचा रक्तस्राव आणि स्त्रीची पाळी एकच, असा त्यांचा समज होता. म्हणजे जे दिवस टाळायचे तेच सुचवले जात होते. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले ते १९२१ मध्ये, म्हणजे हा शोध लागण्याच्याही आधी. दिवस मोजण्यापेक्षा साधनांवर भर देण्याची त्यांची भूमिका त्या काळाच्या ज्ञानाकडे पाहता किती रास्त होती, हे आज कळते. या कामासाठी त्यांनी विल्सन महाविद्यालयातील नोकरीवर पाणी सोडले.

पुरुषाच्या बाजूचा काळही कमी महत्त्वाचा नाही, परंतु त्याबद्दल आपण फारच कमी बोलतो. वृषणातील शुक्रजनन नलिकांमध्ये मूळ पेशीपासून शुक्रपेशी तयार व्हायला दोन महिन्यांहून अधिक काळ, सुमारे ६४ ते ७४ दिवस लागतात. त्यानंतर अधिवृषणातील कित्येक मीटर लांबीच्या गुंडाळलेल्या नळीतून जाताना तिला पोहण्याची क्षमता येते आणि त्यात आणखी काही दिवस ते दोन आठवडे जातात. म्हणजे आज दिसणारी शुक्रपेशी सुमारे तीन महिन्यांपूर्वीच्या परिस्थितीत घडायला लागलेली असते. जोराचा ताप येऊन गेला तर त्याचा परिणाम पुढचे काही आठवडे ते दोन-तीन महिने तपासणीत दिसू शकतो, आणि सुधारणेसाठी दिलेल्या औषधांचा किंवा सोडलेल्या तंबाखूचा परिणामही तेवढा काळ लोटल्यावरच कळतो. वीर्यतपासणी एकदा बिघडलेली आली म्हणून निष्कर्ष काढायचा नसतो, काही आठवड्यांनी ती पुन्हा करायची असते, हे यावरून समजावे.

हे काम शरीराच्या तापमानापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमानात चालते, म्हणूनच वृषण उदरपोकळीबाहेर, वृषणकोशात असतात. जन्माच्या वेळी बाळाचे वृषण खाली उतरलेले नसतील तर काही महिने वाट पाहावी आणि तरीही ते उतरले नाहीत तर दीड वर्षाचे होण्याच्या आत शस्त्रक्रिया करावी, असा सल्ला बालशल्यचिकित्सक देतात. ‘मोठा झाला की आपोआप उतरेल’ असे म्हणून वाट पाहिल्याने होणारे नुकसान भरून येत नाही.

नसबंदीनंतरची तीन महिन्यांची सावधगिरीही याच हिशोबातली आहे. शस्त्रक्रियेत शुक्रवाहिनी बंद केली, तरी त्या जागेच्या पुढे आधीच पोहोचलेल्या शुक्रपेशी शिल्लक असतात. त्या संपेपर्यंत दुसरे साधन वापरायचे असते आणि तीन महिन्यांनी तपासणी करून खात्री करून घ्यायची असते. ही साधी बाब न सांगितल्यामुळे पत्नीला दिवस राहिले आणि संशयाचे बोट तिच्याकडे वळले, असे प्रसंग घडतात, याचे मला फार दुःख होते. पुरुषांची ही शस्त्रक्रिया स्त्रियांच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आणि कमी जोखमीची आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती, तर ज्यांच्या पतीची झाली होती त्यांचे प्रमाण ०.३ टक्के होते.

मुलगा की मुलगी हे शुक्रपेशीतील एक्स किंवा वाय गुणसूत्रावर ठरते, हे नेटी स्टीव्हन्स आणि एडमंड विल्सन यांच्या १९०५ मधील संशोधनामुळे उलगडत गेले आणि आज ते प्रत्येक शाळेत शिकवले जाते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला आणि केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. इतके होऊनही मुलींच्या आईला बोल लावणाऱ्या घरांना मी शाळेतल्या कोणत्या धड्याने गाठावे, हे मला अजून कळलेले नाही.

आता मूळ घटनेकडे येऊ. एका वेळच्या वीर्यात कोट्यवधी शुक्रपेशी असतात. योनीतील आम्ल, गर्भाशयमुखातील चिकट स्राव आणि लांबचा प्रवास यांतून बीजाच्या आसपास पोहोचतात त्या काही शेच. अंडमोचन जवळ आले की वाढत्या इस्ट्रोजेनमुळे तो स्राव पातळ, पारदर्शक आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा ताणला जाणारा होतो आणि त्यांना वाट मोकळी करून देतो. प्रोजेस्टेरॉन वाढले की तो पुन्हा घट्ट होतो. शुक्रपेशी पोहोचली म्हणजे लगेच फलन होते असेही नाही. स्त्रीच्या मार्गात काही तास राहून तिच्या आवरणात बदल झाल्याशिवाय तिला बीजात शिरता येत नाही, हे १९५१ मध्ये अमेरिकेत एम. सी. चांग आणि ऑस्ट्रेलियात सी. आर. ऑस्टिन यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवून दिले. प्रयोगशाळेत फलन घडवण्याचे त्याआधीचे पुष्कळसे प्रयत्न फसले, त्यामागे हे ठाऊक नसणे हेही एक कारण होते.

बाहेर पडलेले बीज जेमतेम १२ ते २४ तास फलनक्षम राहते, शुक्रपेशी मात्र अनुकूल स्रावात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकते. त्यामुळे बीज येण्याआधी शुक्रपेशींनी अंडनलिकेत हजर असणे अधिक उपयोगी ठरते. अमेरिकेत ॲलन विलकॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूल हवे असलेल्या २२१ स्त्रियांचे दैनंदिन नमुने तपासून १९९५ मध्ये दाखवले की गर्भधारणा अंडमोचनाचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, अशा सहा दिवसांतच झाली. अंडमोचनाच्या दुसऱ्या दिवशीच्या संबंधातून एकही झाली नाही. ज्यांना मूल हवे आहे आणि जे ‘नेमका दिवस’ गाठण्याच्या ताणाखाली आहेत, त्यांनी हे नीट समजून घ्यावे: त्या आठवड्यात एक-दोन दिवसांआड संबंध आले की पुरे, एका दिवसासाठी जीव टांगणीला लावण्याची गरज नाही.

फलन अंडनलिकेच्या रुंद भागात होते. एक शुक्रपेशी आत शिरताच बीजात कॅल्शियमच्या लाटा उठतात, बाहेरील आवरण बदलते आणि दुसरीला प्रवेश मिळत नाही. त्यानंतर युग्मनज विभाजित होत होत तीन-चार दिवसांत गर्भाशयात पोहोचतो आणि आणखी काही दिवसांनी अस्तरात रुजतो. हे रुजणे बहुधा अंडमोचनानंतर आठव्या ते दहाव्या दिवशी होते. येथे काळाची अट सर्वांत कडक असते, कारण गर्भाशयाचे अस्तर भ्रूण स्वीकारायला महिन्यातून केवळ काही दिवसच तयार असते. त्याआधी किंवा त्यानंतर आलेला भ्रूण निरोगी असला तरी रुजत नाही. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत तयार झालेली आणि आता सरकारी दवाखान्यांत ‘छाया’ या नावाने मिळणारी सेंटक्रोमन ही आठवड्याची गोळी याच गोष्टीचा उपयोग करते, असे संशोधक मानतात: ती अंडमोचन सहसा थांबवत नाही, भ्रूणाचा प्रवास आणि अस्तराची तयारी यांचा मेळ मात्र बिघडवते.

टेस्ट ट्यूब बेबीच्या इतिहासातही हाच अडसर पुन्हा पुन्हा दिसतो. इंग्लंडमध्ये रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी यांनी सुरुवातीला संप्रेरके देऊन अनेक बीजे मिळवली, परंतु त्या औषधांमुळे चक्राचा उत्तरार्ध बिघडे आणि भ्रूण रुजत नसे. अखेर त्यांनी औषधे सोडली आणि नैसर्गिक चक्रातील एकाच बीजावर भिस्त ठेवली. मूत्रातील एलएच ठरावीक तासांनी मोजून लोंढा पकडायचा आणि रात्र असो वा दिवस, त्याप्रमाणे शस्त्रक्रिया करायची. २५ जुलै १९७८ रोजी लुईस ब्राउनचा जन्म झाला तो या चिकाटीतून.

त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात ‘दुर्गा’ जन्मली. डॉ. सुभाष मुखर्जी यांनी त्याच अडचणीवर वेगळा मार्ग काढला होता. त्यांनी संप्रेरके देऊन बीजे मिळवली, योनिमार्गातून ती काढली, भ्रूण गोठवून ठेवला आणि औषधांचा परिणाम ओसरल्यावर पुढच्या एका नैसर्गिक चक्रात तो गर्भाशयात सोडला. भ्रूणाचा काळ आणि अस्तराचा काळ यांची फारकत करून दोघांची सोयीने पुन्हा गाठ घालून देणे, ही कल्पना आज जगभरच्या उपचारकेंद्रांत रोज वापरली जाते. त्यांच्या वाट्याला मात्र अविश्वास आला. शासकीय समितीने त्यांचा दावा फेटाळला, त्यांची बदली नेत्रविज्ञान संस्थेत झाली आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. पुढे मुंबईत डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला आणि तो भारतातला पहिला म्हणून नोंदवला गेला. मुखर्जी यांची टिपणे तपासल्यावर, १९९७ मध्ये, आनंद कुमार यांनीच जाहीरपणे सांगितले की पहिलेपणाचा मान आपला नसून मुखर्जींचा आहे. भारतीय विज्ञानात इतका मोठेपणा फार थोड्यांनी दाखवला असेल, असे मला मनापासून वाटते.

भ्रूण रुजला नाही तर पीतपिंड सुकतो, प्रोजेस्टेरॉन घसरते, अस्तरातील नागमोडी रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि अस्तर सुटून बाहेर येते. ही पाळी. त्यात जाणारे रक्त सरासरी ३० ते ४० मिलिलिटर असते, आणि ८० मिलिलिटरच्या पुढे ते नित्य जात असेल तर उपचारांची गरज असते. त्यात अपवित्र किंवा दूषित असे काहीही नसते. ते त्या महिन्यात न लागलेले अस्तर असते.

भ्रूण रुजला तर मात्र त्याच्या बाहेरील पेशी एचसीजी हे संप्रेरक सोडतात. ते एलएचसारखेच काम करून पीतपिंडाला जगवते आणि पाळी थांबते. साधारण आठव्या ते दहाव्या आठवड्यापर्यंत वार हे काम स्वतःकडे घेते. लघवीच्या पट्टीवर दिसते ते हेच एचसीजी. रुजण्याआधी ते स्त्रीच्या शरीरात नसते आणि नंतर काही दिवस त्याचे प्रमाण फार कमी असते, म्हणून घाईने केलेली तपासणी नकारार्थी येऊ शकते, आणि अंडमोचनच उशिरा झाले असेल तर पाळी चुकल्याच्या दिवशीही तसे होऊ शकते. आठवड्याने पुन्हा पट्टी वापरावी. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्यामुळे ‘सहा आठवड्यांचा गर्भ’ प्रत्यक्षात साधारण चारच आठवड्यांचा असतो. हे ठाऊक नसल्यामुळे लग्नाच्या तारखेशी आठवडे जुळवून पाहणारे आणि नाहक कुजबुजणारे नातेवाईक आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत.

तातडीच्या गर्भनिरोधक गोळीबद्दलही एवढे सांगणे आवश्यक आहे की लिव्होनोरजेस्ट्रेलची ही गोळी मुख्यतः अंडमोचन पुढे ढकलते. एलएचचा लोंढा सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही, आणि रुजलेला गर्भ ती पाडत नाही. ७२ तासांची मुदत असली, तरी जितकी लवकर घ्यावी तितकी ती अधिक उपयोगी पडते.

बाळंतपणानंतर बाळ अंगावर पीत असेल तर पाजण्याच्या क्रियेने हायपोथॅलॅमसमधली जीएनआरएचची लय मंदावते आणि अंडमोचन काही काळ थांबते. यावर विसंबता येते, परंतु तीन अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या तरच: बाळ सहा महिन्यांच्या आतले हवे, ते दिवसा आणि रात्रीही केवळ अंगावरच पीत असले पाहिजे, आणि पाळी परत आलेली नसावी. तेव्हा हे संरक्षण सुमारे ९८ टक्के असते. बाळाला वरचे दूध किंवा पेज सुरू केली, किंवा रात्रीचे पाजणे बंद झाले, की ही लय परत येऊ लागते आणि पहिले बीज पहिल्या पाळीच्या आधी बाहेर पडू शकते. म्हणून ‘अजून पाळीच आलेली नाही’ या भरवशावर राहिलेल्या बाईला मधे एकही पाळी न येता पुन्हा दिवस राहू शकतात, आणि तिच्याशी गर्भनिरोधनाचे बोलणे पाळी परतण्याची वाट न पाहता, बाळंतिणीला दवाखान्यातून घरी सोडतानाच व्हायला हवे.